सर्व्हिसिंगचे बिल

ऑइल, फिल्टर, मजुरी धरून 4,500 रुपये सांगितले होते. दुपारी चंद्रपूरहून फोन आला: ब्रेक पॅड, लोअर आर्म आणि क्लच प्लेट बदलावी लागेल, एकूण 19,000. धानाचा चुकारा यायचा होता, आणि घरात होते ते छोटीच्या फीचे पैसे. गाडीशिवायही भागत नाही. रात्री अम्मीचा दम वाढला की सावलीहून गडचिरोली गाठायचे असते. वाघाच्या या पट्ट्यात तेव्हा मोटारसायकल कोण काढणार?

अब्बूंनी फोनवर होकार दिला नाही. आम्ही गॅरेजमध्ये गेलो. "भाई, काढलेला माल दाखवा." पॅड पार घासले होते, लोअर आर्मचे बुश फाटले होते. ती दोन्ही कामे लगेच करायला सांगितली. क्लचसाठी मात्र अब्बूंनी गाडी स्वतः चालवून पाहिली. वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन नुसतेच ओरडले आणि वेग वाढला नाही, तर प्लेट घसरते आहे. तसे काही झाले नाही. क्लच राहू दिला, जीएसटीचे पक्के बिल घेतले: 9,600.

कमी पडले ते मामूंनी दिले, विनाव्याज. घरचेच असले तरी वहीत रक्कम आणि परतीची तारीख लिहून दोघांनी सह्या केल्या. छोटीची फी वेळेत भरली.

क्लचचे काम बाकीच आहे. चढ आला की अब्बू आम्हाला गप्प करतात आणि इंजिन ऐकतात.