घर जबलपूरला, मैदान ग्वाल्हेरला

मुंबईहून कलकत्त्याकडे निघालेली हावडा मेल इटारसीला मुख्य मार्ग सोडून पूर्वेकडे वळते. पिपरिया, नरसिंहपूर मागे पडते. एका बाजूला सातपुड्याचे डोंगर, दुसऱ्या बाजूला नर्मदेच्या खोऱ्यातील काळीभोर शेते आणि मग येते जबलपूर. १८७० साली, मुंबईकडून आलेली जी.आय.पी. रेल्वे आणि कलकत्त्याकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे याच ठिकाणी एकमेकींना भेटल्या. देशाचे पश्चिम टोक आणि पूर्व टोक लोखंडी रुळांनी जोडले गेले ते इथे. आज जबलपूर हे पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे.

मराठी प्रवासी इथे उतरतो तो बहुधा भेडाघाटचे संगमरवरी कडे पाहण्यासाठी. धुआंधारचा तुषार अंगावर घ्यावा, ग्वारीघाटावर नर्मदेची आरती पाहावी, बाजारात खव्याची काळसर जिलेबी खावी आणि परतीची गाडी पकडावी, असा साधारण बेत असतो. पण या शहराची आणखी एक ओळख आहे. ती घाटावर दिसत नाही, मैदानावर दिसते. जबलपूर हे खेळाडूंचे गाव आहे. या गावाच्या नावाने खेळणाऱ्या एका व्यावसायिक संघाने २०२४ च्या उन्हाळ्यात विजेतेपद पटकावले. गंमत अशी, की त्या संघाने त्या हंगामातला एकही सामना जबलपुरात खेळला नाही!

भोसल्यांच्या अमलापासून

जबलपूर मराठी माणसाला परके नाही. गढा-मंडल्याच्या गोंड राजांचा हा मुलूख. मुघल फौजेशी लढता लढता १५६४ साली प्राणार्पण करणाऱ्या राणी दुर्गावतीची ही भूमी. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आली आणि १८१७-१८ च्या युद्धानंतर इंग्रजांकडे गेली. पुढे १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला. त्याची राजधानी नागपूर आणि दुसरे मोठे शहर जबलपूर. त्यामुळे नागपूर-विदर्भातून शिक्षक, वकील, कारकून, रेल्वेतले नोकरदार इथे येत राहिले, स्थिरावले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ एकीकडे गेला आणि जबलपूर दुसरीकडे. पण गोलबाजारातील दत्तमंदिर आणि महाराष्ट्र शाळा त्या जुन्या नात्याची साक्ष आजही देतात.

विनोबांनी या शहराला ‘संस्कारधानी’ म्हटले, असे जबलपूरकर अभिमानाने सांगतात. १९३९ साली शहराजवळच्या त्रिपुरीला काँग्रेसचे अधिवेशन भरले. सुभाषचंद्र बोस त्याचे अध्यक्ष होते. त्या अधिवेशनाची आठवण म्हणून उभारलेली कमानिया गेट ही कमान भर बाजारपेठेत आहे. मदनमहालच्या टेकडीखाली एका खडकावर दुसरा प्रचंड खडक जेमतेम टेकून उभा आहे. २२ मे १९९७ च्या भूकंपात शहरातली घरे पडली, माणसे दगावली. तो खडक मात्र जागचा हलला नाही.

भोंगा वाजला की मैदान

जबलपुरात खेळ रुजला तो छावणी, कारखाना आणि रेल्वे या तीन ठिकाणी. इंग्रजांनी इथे मोठी लष्करी छावणी वसवली. १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला. १९६९ साली लष्करी वाहनांचा कारखाना उभा राहिला आणि शक्तिमान ट्रक इथून बाहेर पडू लागले. प्रत्येक कारखान्याची वसाहत, वसाहतीला मैदान, आणि संध्याकाळचा भोंगा वाजला की मैदानावर माणसे, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला.

त्या काळी खेळाडूला खेळाचे पैसे मिळत नसत. मिळायची ती नोकरी. रेल्वेत, कारखान्यात, पोलिसांत खेळाडूंसाठी जागा असत. सकाळी सराव, दिवसा काम, संध्याकाळी पुन्हा सराव. हंगाम आला की खात्याच्या संघातून स्पर्धेला जायचे आणि परतल्यावर टेबलावर साचलेल्या फायली हातावेगळ्या करायच्या. घरच्यांच्या दृष्टीने खेळ म्हणजे वेळ घालवणे नव्हते, महिन्याचा पगार होता. ‘खेळून काय पोट भरणार?’ या प्रश्नाला जबलपूरच्या कित्येक घरांत खरेखुरे उत्तर मिळाले होते.

याच छावणीच्या वातावरणात ८ सप्टेंबर १९०८ रोजी एका फौजी कुटुंबात रूपसिंग जन्माला आला. हॉकीचे जादूगार मेजर ध्यानचंद यांचा हा धाकटा भाऊ. वडिलांची नोकरी सैन्यातली, बदल्यांची. कुटुंब पुढे झाशीला स्थायिक झाले आणि रूपसिंग हॉकी शिकला तो तिथे. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेचा २४-१ असा धुव्वा उडवला. त्यातले १० गोल एकट्या रूपसिंगचे, तर ८ ध्यानचंदांचे. जपानविरुद्धचे तीन धरले, तर त्या ऑलिंपिकमध्ये रूपसिंगचे १३ गोल झाले. थोरल्या भावापेक्षा एक जास्त! १९३६ साली बर्लिनच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ ने नमवणाऱ्या संघातही तो होता.

पुढे रूपसिंग ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या सैन्यात नोकरीला लागला आणि ग्वाल्हेरचाच झाला. १९७७ साली तिथेच त्याचे निधन झाले. कॅप्टन रूपसिंग स्टेडियम आहे तेही ग्वाल्हेरला. मुळात हॉकीचे असलेले हे मैदान नंतर क्रिकेटचे झाले. २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध एकदिवसीय क्रिकेटमधले पुरुषांचे पहिले द्विशतक ठोकले ते इथेच. टीव्हीसमोर टाळ्या पिटणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की त्या मैदानाला ज्याचे नाव आहे, तो हॉकीपटू जबलपूरचा!

मुलींच्या हॉकीतही जबलपूरने नाव कमावले. अर्जुन पुरस्काराच्या मानकरी मधु यादव इथल्या. हॉकी आणि व्हॉलीबॉल या दोन्ही खेळांत देशाकडून खेळलेल्या अविनाश कौर सिद्धू यांची कर्मभूमीही हेच शहर. मात्र राज्य सरकारने २००६ साली मुलींची हॉकी अकादमी काढली ती ग्वाल्हेरला. जबलपूरच्या वाट्याला आली तिरंदाजीची अकादमी. जबलपूरची मुस्कान किरार २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सांघिक रौप्यपदक घेऊन परतली, तेव्हा त्या वाटणीचेही चीज झाले.

नऊ दिवसांचा हंगाम

आता त्या २०२४ च्या उन्हाळ्याकडे वळू या. दोन वर्षे आधी, जून २०२२ मध्ये, मध्य प्रदेशने बंगळूरला मुंबईला हरवून रणजी करंडक पहिल्यांदाच जिंकला होता. त्या संघाचे प्रशिक्षक होते मुंबईकर चंद्रकांत पंडित. १९९८-९९ साली मध्य प्रदेशचे कर्णधार असताना अंतिम सामन्यात झालेल्या पराभवाचा सल त्यांनी तेवीस वर्षांनी काढला. राज्यात क्रिकेटचे वारे होतेच. त्यातून मध्य प्रदेश लीग ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली.

पहिल्या वर्षी पाच संघ होते: ग्वाल्हेर चीताज, भोपाळ लेपर्ड्स, मालवा पँथर्स, रीवा जग्वार्स आणि जबलपूर लायन्स. सगळी मार्जारकुळी! जबलपूरहून कान्हा, बांधवगढ, पेंच ही वाघांची जंगले काही तासांच्या अंतरावर. सिंह मात्र या मुलखात नाही. गीरचे सिंह मध्य प्रदेशातील कुनोला आणण्याचे खूप बोलले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तसा आदेशही दिला. पण कुनोत २०२२ साली आले ते आफ्रिकेतले चित्ते. जबलपूरला सिंह मिळाले ते असे, क्रिकेट संघाच्या नावातून.

१५ ते २३ जून २०२४, म्हणजे अवघ्या नऊ दिवसांचा हा हंगाम होता. सगळे सामने ग्वाल्हेरच्या नव्या माधवराव शिंदे क्रिकेट स्टेडियमवर झाले. अंतिम सामन्यात जबलपूर लायन्सने भोपाळला नमवले आणि पहिल्याच वर्षी करंडकावर नाव कोरले. विजय जबलपूरचा, जल्लोष ग्वाल्हेरच्या मैदानावर, आणि जबलपूरकरांच्या वाट्याला टीव्हीचा नाही तर मोबाइलचा पडदा. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, संघ सात झाले, महिलांची स्पर्धाही सुरू झाली. पण मैदान ग्वाल्हेरचेच राहिले.

यात कुणाचा दोष काढण्याचे कारण नाही. नवी स्पर्धा एकाच ठिकाणी घेतली की प्रवासाचा, निवासाचा, दिव्यांचा, प्रक्षेपणाचा खर्च वाचतो. रात्रीचे सामने भरवण्याजोगे मोठे, अद्ययावत मैदान ग्वाल्हेरजवळ तयार होते. शिवाय हंगाम नऊ दिवसांचा! पाच शहरांत फिरायचे, तर अर्धे दिवस गाडीतच गेले असते.

घरचे मैदान म्हणजे काय?

तरीही प्रश्न उरतोच. ज्या गावाचे नाव, त्या गावात संघ खेळला नाही, तर तो गावाचा संघ कसा?

व्यावसायिक खेळाचा सर्वात मोठा संसार अमेरिकेत आहे. तिथल्या एन.बी.ए. या बास्केटबॉल स्पर्धेत प्रत्येक संघाला नेहमीच्या हंगामात ८२ सामने खेळावे लागतात. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत हा हंगाम चालतो. त्यातले निम्मे, म्हणजे ४१ सामने, घरच्या मैदानावर ठेवलेले असतात. संघ हरो की जिंको, गावातल्या माणसाला आपले खेळाडू वर्षाकाठी ४१ वेळा प्रत्यक्ष पाहता येतात. बापाने पोराला बोट धरून न्यायचे, पुढे पोराने म्हाताऱ्या बापाला न्यायचे. संघ गावाचा होतो तो असा.

नाव मात्र तिथेही फसवे असू शकते. लॉस एंजेलिस लेकर्स या विख्यात संघाच्या नावात तळी आहेत. ती लॉस एंजेलिसची नव्हेत, मिनेसोटाची. संघ मूळचा तळ्यांच्या प्रदेशातील मिनियापोलिसचा. १९६० साली तो लॉस एंजेलिसला गेला आणि नाव बरोबर घेऊन गेला. पण साठ वर्षांहून अधिक काळ निम्मे सामने तिथे खेळून तो आता अंतर्बाह्य लॉस एंजेलिसचा झाला आहे. नाव कुठलेही असो, घरचा सामना त्याला घर मिळवून देतो.

जबलपूरकडे खेळाडू आहेत, इतिहास आहे आणि आता विजेता संघही आहे. उणीव आहे ती घरच्या सामन्याची. आणि तिची किंमत मुलांना मोजावी लागते. पडद्यावर दिसणारा खेळाडू दूरच्या जगातला वाटतो. तोच आपल्या गावच्या मैदानावर, वीस हातांवर सराव करताना दिसला, की वसाहतीतल्या पोराला वाटते, हे मलाही जमेल. कारखान्याच्या मैदानांनी पूर्वी हेच केले. शेजारच्या गल्लीतला दादा भारताकडून खेळून येतो आणि दुसऱ्या दिवशी सायकलवरून कामावर जातो, हे मुले डोळ्यांनी पाहत.

गाव काय करू शकते याचा दाखला त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस मिळाला. जबलपूरच्या रुबिना फ्रान्सिस हिने ३१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस पॅरालिंपिकमध्ये दहा मीटर एअर पिस्तूल नेमबाजीत कांस्यपदक जिंकले. वडील गाड्या दुरुस्त करणारे मेकॅनिक. पायाचे व्यंग घेऊन जन्मलेल्या या मुलीने पहिल्यांदा पिस्तूल हाती घेतले ते जबलपुरातच, गगन नारंगच्या संस्थेने चालवलेल्या केंद्रात. हे केंद्र घरापासून दोन दिवसांच्या प्रवासावर असते, तर?

रूपसिंगच्या वाटेने

जबलपूरला जाणाऱ्या प्रवाशाने सवड असेल तर परतताना सागर, झाशी, ग्वाल्हेर असा रस्ता धरावा. अंतर साडेचारशे किलोमीटरहून अधिक. वाटेत झाशीला एक मुक्काम करता येतो. रूपसिंगचे अवघे आयुष्य या एका रस्त्यावर मांडलेले आहे. जन्म जबलपूरला, घडण झाशीला, नोकरी आणि अखेर ग्वाल्हेरला. झाशीत राणीचा किल्ला पाहावा आणि ध्यानचंदांच्या गावाला नमस्कार करावा. ग्वाल्हेरला शिंद्यांचा जयविलास महाल पाहून झाला, की कॅप्टन रूपसिंग स्टेडियमवरूनही एक फेरी मारावी.

मुंबईहून जबलपूरला थेट गाड्या आहेत. नागपूरहून सिवनीमार्गे रस्ता चांगला. पेंचच्या जंगलात वन्य प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून हा महामार्ग उंच खांबांवर उचलून घेतला आहे. ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. पावसाळ्यात भेडाघाटची नौका बंद असते, हे ध्यानात ठेवावे. चांदण्या रात्री संगमरवरी कड्यांमधून नाव सरकते आणि नावाडी यमकांची फोडणी देत एकेका खडकाची गोष्ट सांगतो. तो अनुभव चुकवू नये.

आणि एखादी संध्याकाळ शहरातल्या मैदानांसाठी राखून ठेवावी. ऊन उतरले की राणीताल परिसरात मुले-मुली सरावाला येतात. कुणाच्या खांद्यावर धनुष्य, कुणाच्या हातात बॅट. त्यातल्या एखाद्याला उद्या जबलपूरचा सिंह व्हायचे असेल. त्याचा पहिला सामना पाहायला त्याच्या आईला ग्वाल्हेरची गाडी पकडावी लागू नये, एवढेच या गावाचे मागणे आहे.