कुत्रा, बिबट्या आणि लांडगा : भंडारदऱ्याहून निघालेली पत्रे

पत्र पहिले : भंडारदरा, ता. अकोले

ती. अप्पांस,
कळसूबाई आणि रतनगड यांच्या कुशीतल्या या खोऱ्यात प्रवरा नदी १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाने अडवलेली असून, तिचेच पाणी पुढे रंध्याहून उतरून संगमनेर-श्रीरामपूरच्या उसाला मिळते. भर आषाढातल्या एखाद्या आठवड्यात घाटघर-रतनवाडीला जेवढा पाऊस कोसळतो तेवढा याच जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्याला वर्षभर पुरतो. आणि ही पत्रे ज्याविषयी आहेत तो लांडगा व कुत्रा यांच्या संकराचा प्रश्न समजून घ्यायचा तर जिल्ह्याचे हे दोन स्वभाव आधी ध्यानात घ्यावे लागतात. भारतीय लांडगा हा दाट रानाचा नव्हे, तर पर्जन्यछायेतल्या, म्हणजे सह्याद्रीने ढग अडवल्यामुळे कोरड्या राहिलेल्या, उघड्या माळरानाचा प्राणी आहे. त्यामुळे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या या ओल्या टोकाला त्याचे राज्य नाही. येथे सत्ता आहे ती बिबट्याची.

अकोले तालुक्याच्या शेतीपट्ट्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले, आणि त्यांच्या विष्ठेच्या तपासणीवरून असे दिसले की भक्ष्याच्या एकूण वजनात पाळीव व गावकुशीच्या प्राण्यांचा वाटा ८७ टक्के असून त्यात एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के आहे. उकिरड्यावर पोसलेला कुत्रा उसात राहणाऱ्या बिबट्याला पोसतो, असा हा क्रम आहे. जिल्ह्याच्या कोरड्या अंगाला मात्र त्याच कुत्र्याचे रानाशी निराळेच नाते जुळते, कारण तेथे तो लांडग्याचा प्रतिस्पर्धी, रोगाचा वाहक आणि क्वचित जोडीदारही होतो.

पत्र दुसरे : माणिकडोह, ता. जुन्नर

ती. अप्पांस,
राजूर, कोतूळ, ब्राह्मणवाडा, ओतूर असा डोंगराच्या पूर्वअंगाने येणारा रस्ता जुन्नरला पोहोचवतो, आणि तेथून जवळच कुकडीवरच्या धरणाच्या परिसरात माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र आहे. जुन्नर भागात या शतकाच्या आरंभी बिबट्यांचे माणसांवरील हल्ले वाढले, अनेक बिबटे पिंजरे लावून पकडण्यात आले, आणि त्या गरजेतून उभ्या राहिलेल्या या केंद्राचे काम वन विभाग व वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून पाहतात. विहिरीत पडलेला, फासात जखमी झालेला किंवा आईपासून तुटलेला बिबट्या येथे आणला जातो. जो बरा होऊन स्वतःची शिकार करू शकतो त्याला सोडता येते, आणि जो पांगळा, आंधळा किंवा माणसाला सरावलेला असतो त्याचे आयुष्य येथेच सरते. तेव्हा निवारा केंद्र हे एका प्राण्यावर कोसळलेल्या संकटाचे उत्तर असते. ते संकट ज्यातून उपजते ती परिस्थिती बाहेर तशीच राहते. पकडलेले बिबटे दूरच्या रानात सोडल्यावर हल्ले थांबण्याऐवजी सोडलेल्या जागेजवळ वाढले, हा जुन्नरच्याच अनुभवावरून अत्रेय यांनी काढलेला निष्कर्ष या मर्यादेची साक्ष देतो.

बिबट्यासाठी असा निवारा येथे आहे, पण लांडगा-कुत्रा संकरांसाठी वाहिलेले निवारे प्रामुख्याने उत्तर अमेरिकेत आहेत, जसे कॅनडातील कॅल्गरीजवळचे, २०११ साली स्थापन झालेले यामनुस्का अभयस्थान. तेथील संकर बहुधा हौसेखातर मुद्दाम पैदा केलेले असतात. पिल्लू गोंडस म्हणून घरी येते, वयात आल्यावर कुंपणे ओलांडू लागते, घरात आवरेनासे होते, आणि मग मालक त्याला सोडून देतो. अशा केंद्रांत लांडग्याच्या रक्ताचा अंश अल्प, मध्यम की उच्च यावरून प्राण्याची वर्गवारी होते आणि आवाराची उंची व सोबती त्यानुसार ठरतात. महाराष्ट्रातल्या संकराला असा विक्रेताही नाही आणि मालकही नाही, आणि म्हणूनच त्याच्यासाठी पिंजरा सुचवण्याआधी तो कोठून आला हे पाहणे भाग पडते.

पत्र तिसरे : कडबनवाडी, ता. इंदापूर

ती. अप्पांस,
कडबनवाडीच्या माळावर चिंकारा, लांडगा, खोकड आणि तरस नांदतात, आणि पुणे वन विभागाने येथे व बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. पुणे जिल्ह्याच्या अशाच माळांवर पिवळट, लांडग्यासाठी अनोळखी रंगाचे काही प्राणी कळपात वावरताना दिसले. द ग्रासलँड्स ट्रस्टच्या निरीक्षकांनी त्यांच्या नोंदी ठेवल्या, बंगळूरच्या एनसीबीएस व एट्री या संस्थांतील संशोधकांनी नमुन्यांचा संपूर्ण जनुकसंच वाचला, आणि भारतातील लांडगा-कुत्रा संकराचा पहिला जनुकीय पुरावा २०२३ साली प्रसिद्ध झाला.

लांडगा आणि कुत्रा या दोघांची गुणसूत्रे सारखीच, ७८, असल्याने त्यांची संतती खेचरासारखी वांझ निघत नाही. असा संकर पुन्हा लांडग्यांतच मिसळला, म्हणजे पुनःसंकर झाला, की कुत्र्याची जनुके पिढ्यान्‌पिढ्या लांडग्यांत झिरपत जातात. जोडीदार मिळेनासा होईल इतके कळप विरळ झाले आणि कुत्रे दाट झाले, तर ही शक्यता वाढते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात प्रौढ लांडगे तीन हजारांच्या थोडे वरच आहेत. माळ सरकारदरबारी ‘पडीक’ म्हणून नोंदला जातो, मग त्यावर कारखाने आणि प्लॉट येतात. कोंबडीपालनाच्या शेडांमागे टाकलेल्या मेलेल्या कोंबड्यांवर कुत्रा आणि लांडगा दोघेही येतात, आणि त्या भेटीतून संकराइतकाच रेबीज व डिस्टेंपरचाही धोका उद्भवतो.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत लांडग्याला सर्वोच्च संरक्षण आहे, तर भटक्या कुत्र्याचा कारभार २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी, म्हणजे नसबंदी, लसीकरण आणि मूळ जागी परत सोडणे या पद्धतीने चालतो. संकर या दोन खात्यांच्या बांधावर उभा आहे. त्याला पकडून निर्बीज करणे आणि गरज पडल्यास निवाऱ्यात ठेवणे योग्यच ठरेल, परंतु निवारा भरत राहिला तर ते यश समजता येणार नाही. लांडग्यांच्या गुहांभोवतीच्या गावांत कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण आधी व्हावे, मेलेल्या कोंबड्या खोल पुराव्यात, आणि महसुली नोंदीत माळाला माळ म्हणूनच मान मिळावा, ही कामे निवाऱ्याच्या आधीची आहेत. त्यांतले पहिले काम बिबट्याच्या अकोले तालुक्यातही वेगळ्या कारणाने तितकेच निकडीचे असल्याने, ओल्या आणि कोरड्या अशा दोन्ही मुलखांचे हित येथे एकच आहे.