भोज्जा

मामाचा फोन आला तेव्हा मी कामावरून घरी परतत होते. "पुढच्या बुधवारी वाडीची मोजणी आहे," तो म्हणाला. "हद्दीचा दगड काही सापडत नाही. तुम्ही पोरं दिवसदिवस तिथेच असायचात. तुला आठवतं का गं, नेमका कुठे होता?"

मला आठवत होतं. विहिरीकडून निघायचं, पाटाच्या कडेकडेने चालायचं, ओळीतली सातवी पोफळ डावीकडे टाकायची आणि सुरंगीच्या अलीकडे थांबायचं. मामाला हे सांगता सांगताच लक्षात आलं, की यातली विहीर सोडली तर एकही खूण आता जागेवर नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि आजोबांच्या हातच्या पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. सुरंगी मुळासकट उपटली गेली. कुंपणाची वई वाहून गेली, पाट बुजला. दोन वाड्यांच्या मधली रेघ माणसांनी झाडांच्या आधाराने डोक्यात ठेवली होती. झाडं गेली तशी रेघही पुसट झाली. शेजारच्या काकांशी भांडण मुळीच नव्हतं. "आपल्या दोघांना ठाऊक आहे तोवर ठीक, पोरांना काय सांगणार?" असं म्हणून त्या दोघांनी मिळूनच मोजणीचा अर्ज केला होता.

मी म्हटलं, "येते."

गेटवेहून मांडव्याची बोट, तिथून बसने अलिबाग, आणि अलिबागच्या स्थानकातून रेवदंड्याची एसटी. आजोळी, चौलला जायची वाट आता इतकी सोपी झाली आहे. लहानपणी आजीचं बोट धरून याच एसटीत बसले, की मला खिडकी हवी असे. रस्त्याकडेचे दगड मोजायचे आणि चौल किती राहिलं ते आजीला सांगायचं, हे माझं काम होतं. फेब्रुवारीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या असतात, तशा त्या आजही होत्या. आक्षीच्या खाडीवरचा पूल ओलांडला, की हवेत सुकत घातलेल्या मासळीचा वास येतो. तोही आला.

आक्षीला मी मुद्दाम उतरले. चौलला पोचायची घाई नव्हती, मोजणी दुसऱ्या दिवशी होती. मला इथला एक दगड पाहायचा होता. लहानपणी एसटीतून जाताना आजी त्याच्या दिशेने हात जोडायची. "तो काय देव आहे?" असं मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "देव नाही गं. जुना शब्द आहे कुणाचा तरी." आजी चौथीपर्यंत शिकलेली. त्या दगडावर काय कोरलंय, हे तिला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. पण तिने वापरलेला शब्द बरोबर होता, हे मला पुढे फार वर्षांनी कळलं.

आक्षीचा हा शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक मानला जातो. त्यावर शके ९३४ म्हणजे इसवी सन १०१२ हा काळ वाचला गेला आहे. या तारखेबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत आणि ते असणं साहजिकही आहे, कारण हा दगड शतकानुशतकं खाऱ्या वाऱ्यात, पावसात उघड्यावर उभा होता. माथ्यावर चंद्र आणि सूर्य, त्याखाली नऊ ओळी. शं. गो. तुळपुळे यांनी 'प्राचीन मराठी कोरीव लेख' या १९६३ सालच्या ग्रंथात असे लेख एकत्र आणून त्यांचा अर्थ लावला, तेव्हा रस्त्याकडेच्या कितीतरी मुक्या दगडांना आवाज मिळाला. जगात सुख असो, अशा अर्थाच्या शब्दांनी आक्षीचा लेख सुरू होतो. मग पश्चिम समुद्राचा अधिपती म्हणवणाऱ्या केशिदेवरायाचं नाव येतं, त्याच्या प्रधानाचं नाव येतं, आणि देवी महालक्ष्मीच्या बोडणासाठी धान्य लावून दिल्याची नोंद येते.

बोडण! तो शब्द वाचताना माझे डोळे भरून आले होते. आमच्या घरी मंगलकार्यानंतर बोडण भरतात. काठवटीत देवी ठेवायची, पुरणाचा नैवेद्य, दूध, दही, तूप, मध घालायचं आणि सुवासिनींनी मिळून ते कालवायचं. आजीच्या कोपरापर्यंत माखलेला हात मला आजही दिसतो. जो शब्द आजीच्या स्वयंपाकघरात होता, तोच घरापासून काही मैलांवर दगडात हजार वर्षं कोरलेला होता. दोघांची गाठ मात्र कुणी घालून दिली नव्हती.

दगडाच्या माथ्यावरचे चंद्रसूर्य शोभेसाठी नसतात. आकाशात ते दोघे असेपर्यंत हे दान चालावं, असा त्यांचा अर्थ. आचंद्रार्क हा शब्द तिथूनच येतो. राजा मरेल, प्रधान बदलेल, गावकरी पिढीगणिक नवे येतील. म्हणून साक्षीला असे दोघे घेतले, जे कुठे जाणार नाहीत.

तरीही दान देणाऱ्याच्या मनात भीती असायचीच. त्या भीतीतून गद्धेगळ जन्माला आले. शिलाहार राजांच्या काळात, विशेषतः उत्तर कोकणात, दानाच्या दगडावर लेखाखाली गाढव आणि बाई यांचं चित्र कोरत आणि दान मोडणाऱ्याच्या आईच्या नावाने शिवी घालत. परळला सापडलेला शके ११०८ चा असा दगड मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. तो मी पाहिला आहे. पाहिल्यावर फार वेळ त्याच्यासमोर उभं राहवलं नाही. जमीन बळकावणार एखादा पुरुष, आणि विटंबना त्याच्या आईची! कायदा पोचत नव्हता तिथे लाज पोचवायची, हा त्यामागचा हिशेब कळतो. पण ती लाज दर वेळी बाईच्याच अंगावर टाकलेली असावी, याचं दुःख आठशेहून अधिक वर्षांनीही शिळं होत नाही. आजी म्हणायची, असल्या दगडाला पाय लावू नये, शाप असतो. मला आज वाटतं, त्यावर कोरलेल्या त्या अनाम बाईलाही कुणीतरी हात जोडायला हवेत.

आक्षीहून रिक्षाने नागावला गेले. भीमेश्वराच्या देवळाजवळचा लेख शके १२८९ चा, म्हणजे १३६७ चा. आक्षीच्या लेखानंतर साडेतीनशे वर्षांनी कोकणावरचं राज्य पालटलं होतं, आणि ते या दगडावर दिसतं. शकाच्या जोडीला इथे हिजरी सनही कोरलेला आहे. एका दगडावर दोन कालगणना. ज्या गावात दोन्ही पंचांगं चालत, तिथे शब्द सगळ्यांना बांधील राहावा म्हणून तो दोन्ही सनांत लिहिला गेला असावा, असं मला तिथे उभं राहून वाटलं. देवळाच्या पायरीवर एक आजोबा बसले होते. मी दगडाकडे बराच वेळ वाकून बघते आहे, हे पाहून त्यांनी सांगितलं, "आम्ही पोरं इथे चिंचा फोडायचो." आणि लगेच, जणू चूक कबूल करावी तसं म्हणाले, "लेखावर नाही हो, बाजूला."

मला त्यांचं म्हणणं फार आवडलं. दगड टिकतात ते असेच. कुणी त्यांच्याशेजारी चिंचा फोडल्या म्हणून, कुणी कोयता घासला म्हणून, कुणी अर्थ न कळता हात जोडले म्हणून. ज्या दगडाशी कुणाचंच काही नातं उरत नाही, तो रस्त्याच्या भरावात जातो, नाहीतर धुण्याचा होतो.

चौल आलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. हे आमचं चौल केवढं जुनं आहे, ते आमच्या शाळकरी वयात कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. दहाव्या शतकात अल-मसूदी हा अरब प्रवासी इथे येऊन गेला. त्याने या बंदराला सैमूर म्हटलं आहे. इथून जहाजं जात-येत होती तेव्हा वाड्या होत्या का, पोफळी होत्या का, कोण जाणे. आमच्या वेळेला बंदर गाळाने भरून गेलेलं होतं आणि चौल म्हणजे आमच्यासाठी रामेश्वराची पुष्करणी, रहाटाची कुरकुर आणि वाडीतला गारवा होता. रात्री मामाने अंगणात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा. मडकं उपडं करून भोवती जाळ. शेंगा सोलताना मामा, शेजारचे काका आणि मी, तिघंही दगडाबद्दलच बोलत होतो.

सकाळी भूकरमापक आले. बरोबर रोव्हर, म्हणजे काठीवर बसवलेलं, उपग्रहाकडून जागा विचारणारं यंत्र. आजोबा सांगायचे, त्यांच्या वडिलांच्या वेळेला साखळी टाकून मोजत. तेहतीस फुटांची साखळी. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, म्हणजे एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आपण अजून गुंठ्यातच बोलतो. साखळी गेली, पण तिची लांबी तोंडात राहिली. जुन्या नकाशावर आमच्या वाडीच्या कोपऱ्याशी हद्दीच्या दगडाची खूण होती. अशी खूण मुद्दाम नष्ट केली तर १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाप्रमाणे दंड होतो, हे भूकरमापकांनी बोलता बोलता सांगितलं. पूर्वी शाप होता, आता दंड आहे. दोन्हींच्या मुळाशी भीती एकच, आपण गेल्यावर आपला शब्द कुणी पाळील ना?

यंत्राने जागा दाखवली. गड्याने पहारीने माती उकरायला घेतली. झावळ्या कुजून झालेली काळी, भुसभुशीत माती. हातभर खाली जाऊनही काही लागेना. मी विहिरीकडे गेले आणि डोळे मिटून चालत आले. पाट नव्हता, पण पाय वळायचे तिथे वळले. सातवी पोफळ नव्हती, पण तिच्या खोडाचा भुगा अजून जमिनीत लालसर दिसत होता. थांबले तिथे म्हटलं, "इथे बघा."

चौथ्या घावाला पहार खणकन वाजली.

मामाने हाताने माती बाजूला केली. काळा, ओबडधोबड, वरून गोलसर दगड. त्यावर अक्षर नाही, चंद्र नाही, सूर्य नाही. माथा मात्र गुळगुळीत. तो गुळगुळीतपणा आमचा होता. लपंडावात हा दगड आमचा भोज्जा असायचा. राज्य घेणारा मागे लागला, की जीव खाऊन धावत यायचं आणि दगडाला हात लावायचा. एकदा हात लागला, की कुणी काही करू शकत नसे. काकांची मुलं आणि आम्ही, दोन्ही वाड्यांची पोरं याच दगडाला हात लावत होतो. आमच्यापैकी कुणालाही तेव्हा तो हद्दीचा दगड आहे, हे ठाऊक नव्हतं. आमच्यासाठी ती दोघांच्या मधली रेघ नव्हती, दोघांची सुरक्षित जागा होती.

यंत्राच्या आणि दगडाच्या जागेत दोन वितींचं अंतर पडत होतं. दगड काकांच्या बाजूला सरकलेला होता. भूकरमापकांनी विचारलं, "नवीन खूण कुठे घालू?" मामाने काकांकडे पाहिलं. काकांनी चष्मा काढून पुसला. "कागदावर तुमचं यंत्र सांगतं ते लिहा," ते म्हणाले. "दगड मात्र आहे तिथेच राहू द्या. त्याला सगळ्या पोरांचे हात लागलेत." मामा म्हणाला, "तसंच करू."

गड्याने दगडाभोवती माती दाबून बसवली. मामीने हळदीकुंकू आणून त्यावर वाहिलं, आणि यंदाच्या पाडपाला पहिला नारळ इथेच ठेवू म्हणाली, आजी ठेवायची तसा. काकांची सहा वर्षांची नात मघापासून हे सगळं बघत होती. मी तिला जवळ बोलावलं आणि भोज्जा म्हणजे काय, ते सांगितलं. कुणी शिलेवर कोरो की न कोरो, हे एवढं मला पुढे पोचवायचंच होतं.

तिने ऐकून घेतलं. मग विहिरीपर्यंत पळत गेली, मागे वळली, आणि धावत येऊन दगडाच्या माथ्यावर तळहात ठेवला.