साडेपाचशे रुपयांचा नाताळ

डिसेंबर लागला की तुमच्याही मोबाईलवर लाल टोप्या नाचायला लागत असतील. 'नाताळ धमाका', 'सांताची खास भेट', झाडावर इतके टक्के सूट, केकवर तितके टक्के. मी पोटापाण्यासाठी कंटेंट लिहिते, त्यामुळे असल्या ओळी नोव्हेंबरातच माझ्या हातून लिहून झालेल्या असतात. त्या जाहिराती घरात शिरल्या की लहान मुलं असलेल्या आईबाबांचं काय होतं, ते मात्र मी गेल्या वर्षी जवळून पाहिलं.

आम्ही मूळचे वसईचे, घरात मराठी बोलणारे कॅथलिक. बाहेरगावच्या मैत्रिणींना याचं नेहमी नवल वाटतं. पण वसईत १७३९ पर्यंत पोर्तुगीज होते, आणि आपण सगळे सहज म्हणतो तो 'नाताळ' हा शब्दही त्यांच्याच भाषेतून आलाय. मी सध्या नोकरीसाठी बंगळुरूला असते. काम लॅपटॉपवरचं असल्यामुळे गेल्या वर्षी डिसेंबरभर ताईकडे वसईला राहिले.

भावोजींची नोकरी ऑक्टोबरात गेली होती. ताईने फोनवरच सांगून टाकलं होतं, "यंदा नाताळ करत नाही गं. मुलांना काहीतरी सांगेन." मुलं दोन. मोठा सात वर्षांचा, धाकटी चार. मोठ्याने सांताला चिठ्ठी लिहून फ्रीजवर लावलेली होती: रिमोटची गाडी, निळी. त्या गाडीची किंमत ताईला पाठ होती. तिला सणाचा कंटाळा आला नव्हता. रोज उठून मुलांना 'नको, नंतर बघू' म्हणायचं तिच्या जिवावर आलं होतं.

तेव्हा आई म्हणाली, "तुमच्या लहानपणी तरी काय होतं? गोठा आणि कलकल. त्यावर महिना जायचा."

आणि खरंच गेला. म्हणून तुम्हाला सांगावंसं वाटलं. तुम्ही ख्रिस्ती असा नसा, घरात तीन ते आठ वर्षांची मुलं असतील तर यातलं काहीतरी उपयोगी पडेलच.

सुरुवात गव्हापासून करा. घटस्थापनेला आपण घटाभोवती धान्य पेरतो ना, तसंच. नाताळच्या गोठ्याला हिरवळ लागते, तिच्यासाठी दहा-बारा दिवस आधी पसरट ताटात माती घालून गहू किंवा नाचणी पेरायची. गहू रात्रभर भिजवून घ्या, मातीवर दाट पसरा, वरून मातीचा पातळ थर द्या आणि रोज हाताने पाणी शिंपडा. ओतू मात्र नका, बुरशी येते. हंगेरीत आणि क्रोएशियातही १३ डिसेंबरला, संत लुसीच्या दिवशी, नाताळसाठी असाच गहू पेरतात. माती, गहू, ताट सगळं घरचंच. पाणी शिंपडायचं काम धाकटीकडे होतं. ती सकाळी दात घासायच्या आधी ताटाशी जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी पांढरे कोंब दिसले तेव्हा तिने अख्ख्या चाळीला बोलावून आणलं. चार वर्षांच्या मुलांना 'पंचवीस तारीख' कळत नाही. कोंब किती वाढले ते कळतं. वाट बघायला शिकवायची याहून सोपी रीत मला तरी माहीत नाही.

आता गोठा. येशूचा जन्म गोठ्यात झाला, म्हणून हा देखावा. इटलीतल्या ग्रेचो गावात संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली तो मांडला, तिथून ही प्रथा पसरली असं मानतात. पण मराठी मुलांना हे नव्याने शिकवावं लागत नाही. दिवाळीत किल्ला करणारे हात गोठाही करतात. आम्ही तर किल्ल्याचीच उरलेली माती वापरली. बुटांचं खोकं आडवं ठेवलं, वर नारळाच्या झावळीचे तुकडे, आत पेंढा. मरिया, योसेफ, मेंढपाळ, गाय, गाढव मुलांनी मातीचे केले. बाजारात तयार संच मिळतात, सुबक असतात, आणि मुलांना त्यांना हात लावू देत नाहीत. आमच्या मरियेची मान दोनदा पडली, दोनदा बसवली. धाकटीने गोठ्यात एक मगर ठेवली. मोठा म्हणाला, बेथलेहेममध्ये मगर नव्हती. ती म्हणाली, ही बघायला आलीय. राहू दिली.

दोन गोष्टी मात्र आवर्जून करा. बाळ येशू गोठ्यात आधी ठेवायचा नाही. २४ तारखेच्या रात्रीपर्यंत ती जागा रिकामी. आणि पूर्वेकडचे तीन राजे गोठ्यापासून लांब उभे करायचे. आमच्याकडे ते स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीजवळ होते. रोज रात्री मुलं त्यांना वीतभर पुढे सरकवायची. फ्रीज, मग चपलांचं कपाट, मग टीव्ही. ६ जानेवारीला त्यांचा सण असतो, त्या दिवशी ते गोठ्याशी पोचतात. म्हणजे पंचविसाव्या तारखेला सगळं एकदम संपून मुलं रडवेली होत नाहीत, पुढे बारा दिवस खेळ शिल्लक राहतो. खर्च शून्य.

काही घरांत मुलाने चांगलं काम केलं की गोठ्यात पेंढ्याची एक काडी ठेवायची पद्धत असते, बाळाचं अंथरूण मऊ व्हावं म्हणून. कल्पना गोड आहे. आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी "मी तिला मारलं नाही, दोन काड्या दे" असा व्यवहार सुरू झाला. मला विचाराल तर हिशेब ठेवू नका, काड्या मोकळ्या ठेवा आणि विसरून जा.

चार रविवारांच्या चार मेणबत्त्या हाही सोपा प्रकार. नाताळच्या आधी चार आठवडे आगमनकाळ असतो. दर रविवारी एकेक मेणबत्ती जास्त लावायची. रीतीप्रमाणे तीन जांभळ्या, एक गुलाबी. आम्ही साध्या पांढऱ्याच घेतल्या, वाळूच्या ताटात रोवल्या आणि रंगीत कागद गुंडाळला तो खाली, ज्योतीपासून लांब. त्या वेळी दिवे बंद, मोबाईल बंद, एखादं गाणं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मराठीत इतकी सुंदर भजनं लिहून ठेवलीत की इंग्रजी कॅरल येत नाही म्हणून कोणी गप्प बसायचं कारण नाही.

चांदणीचं सांगायलाच हवं. भावोजी त्या दिवसांत फारसे बोलत नसत. सकाळी अर्ज पाठवायचे आणि मग खिडकीशी बसून राहायचे. मुलांनी चांदणी हवी म्हणून हट्ट धरला, तेव्हा ते उठले आणि कुठूनसा बांबू घेऊन आले. लहानपणी ते आकाशकंदील करून विकायचे, हे ताईलासुद्धा माहीत नव्हतं! पाच कामट्यांची एक चांदणी, तशीच दुसरी, टोकं दोऱ्याने बांधायची, मध्ये पाच आखूड काटक्या उभ्या घालून पोट फुगवायचं आणि वर पतंगाचा कागद खळीने चिकटवायचा. खळ मैद्याची, घरीच शिजवलेली. कागद आणि दोरा मिळून चाळीस रुपये. मोठा दोन संध्याकाळी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसला होता. मधूनमधून भावोजींचा आवाज येत होता, "ओढ, अजून ओढ, आता गाठ मार." ताई स्वयंपाकघरात उगाचच तेच भांडं परत घासत होती.

शेजारच्या काकूंनी "आम्हालाही एक करून द्या" म्हटलं. मग तिसऱ्या मजल्यावरच्यांनी. एकूण चार झाल्या. पैसे त्यांनी घेतले नाहीत, कागद मात्र सगळ्यांना आणायला लावला.

खाण्यात आम्ही केकच्या वाटेला गेलो नाही. कलकल केले. अर्धा किलो मैदा, चिमूटभर मीठ, तीन चमचे पिठीसाखर, दोन चमचे कडकडीत तुपाचं मोहन, आणि भिजवायला नारळाचं दाट दूध. पीठ घट्ट हवं. अर्धा तास झाकून ठेवा, मग बोराएवढ्या गोळ्या करा. गोळी कंगव्याच्या दातांवर अंगठ्याने चपटी दाबायची आणि सुरळी करत सोडवायची, की अंगावर रेघा असलेला शिंपला तयार. काटाचमच्याची पाठही चालते. कंगवा अर्थातच नवा, धुतलेला आणि वर्षभर याच कामासाठी डब्यात ठेवलेला. मंद आचेवर तळा आणि आवडत असेल तर एकतारी पाकात घोळवा. गोव्यात याला 'किडयो' म्हणतात, म्हणजे किडे. हे कळल्यावर मुलांचा कामाचा वेग दुप्पट झाला. कढईपाशी त्यांना येऊ देऊ नका, पण वळायला चार वर्षांचं मूलही पुरतं. वाकडे झाले तरी चवीत फरक पडत नाही.

ताटल्या भरून शेजारी दिल्या. दिवाळीत त्यांच्याकडून फराळाची ताटली आली होती, आणि ताटली रिकामी परत करायची नाही, हे आपल्याकडे मुलांना न शिकवताच कळतं.

आता तुम्ही विचाराल, त्या निळ्या गाडीचं काय झालं?

ताईने आदल्या आठवड्यात मोठ्याला खरं सांगितलं. बाबांची नोकरी सध्या नाही, मिळेपर्यंत मोठ्या वस्तू आणायच्या नाहीत. सांताचा विषय तिने काढला नाही, त्यानेही नाही. मला वाटतं, सात वर्षांच्या मुलांना आपण समजतो त्यापेक्षा बरंच आधी कळलेलं असतं. गाडी मिळाली नाही म्हणून तो रडला का? रडला. २५ तारखेला सकाळी, खालच्या मुलाची गाडी बघून, चांगली दहा मिनिटं. कोणी त्याला 'शहाणा ना तू' वगैरे म्हणालं नाही. रडू दिलं.

भेट म्हणून आम्ही मोठ्यांनी प्रत्येकी एक चिठ्ठी लिहिली होती. आईची होती, 'रोज रात्री एक गोष्ट, महिनाभर.' ताईची, 'एक दिवस तुम्ही सांगाल तेच जेवण.' माझी, 'वसई रोड ते वांद्रे लोकल, खिडकीची जागा आणि हिल रोडची रोषणाई.' ती मी २७ तारखेला वठवली. भावोजींच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'रिमोट नसलेली गाडी. चाकं शोधायला तू माझ्याबरोबर यायचंस.' ती गाडी पाण्याच्या बाटलीची झुंबणं लावून झाली, आणि डावीकडेच वळते.

ताईने कॅलेंडरच्या मागे खर्च लिहून ठेवला होता. मैदा, तेल, साखर, नारळ, मेणबत्त्या, कागद सगळं धरून साडेपाचशेच्या आत. लोकलचं तिकीट माझ्याकडून. भावोजींना नोकरी फेब्रुवारीत लागली, आधीपेक्षा कमी पगाराची.

६ जानेवारीला राजे पोचले. मोजले तर चार निघाले. चौथा कोणी केला ते धाकटी सांगायला तयार नव्हती. गव्हाचे कोंब आम्ही खालच्या वाडीतल्या बकरीला घातले, खोकं मोडलं, माती कुंड्यांत गेली. कंगवा धुऊन डब्यात ठेवलाय. मगर मी बंगळुरूला घेऊन आले.