कणगी आणि पाहुणा

झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडया भरू लागल्या की घरोघर पाहुणे उतरतात, रात्रभर नाटक पाहतात आणि परततात. घरातली कणगी मात्र जागची हलत नाही. मेघसंगणनातील एक साधा नियम आम्हांला या दृश्यातून उमगला, पण फार उशिरा.

२०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, त्या सुमारास आम्ही दोघे मराठीचे प्राध्यापक गडचिरोली-चंद्रपूरकडील दंडार आणि खडी गंमत यांची ध्वनिमुद्रणे जमवू लागलो. ती भाड्याच्या आभासी यंत्राला जोडलेल्या बाह्य व्हॉल्यूमवर ठेवीत होतो. असे यंत्र म्हणजे 'गेस्ट', दूरच्या मोठ्या संगणकावर उतरलेला पाहुणा. तो गेला तरी स्वतंत्र व्हॉल्यूम कणगीसारखा मागे राहतो आणि दुसऱ्या पाहुण्याला जोडता येतो.

जागा अपुरी पडली तेव्हा आम्ही दुसरा व्हॉल्यूम जोडला व यंत्र पुन्हा सुरू केले. लिनक्स उपकरणांना नावे देते ती ती सापडतील त्या क्रमाने. यावेळी क्रम उलटला. नवा समजून जुन्यावरच आम्ही फॉरमॅटची आज्ञा दिली. येथे आधीच फाइल-व्यवस्था आहे, पुढे जायचे का, असे यंत्राने विचारलेही. आम्ही 'हो' म्हटले.

आठ दिवसांपूर्वीच्या स्नॅपशॉटमुळे जवळजवळ सारे परत आले. गेले ते एकच: चामोर्शी तालुक्यातील एका वृद्ध शाहिराचे गाणे. रेकॉर्डरचे कार्ड आम्ही आधीच पुसले होते.

आता आम्ही व्हॉल्यूम नावाने नव्हे, त्याच्या कायमच्या यूयूआयडी क्रमांकाने ओळखतो. सोडवण्यापूर्वी तो अनमाउंट करतो, कारण लिहिलेला मजकूर काही काळ स्मृतीतच थांबलेला असतो. कोणत्याही बदलाआधी स्नॅपशॉट घेतो आणि एक प्रत वेगळ्या डिस्कवर, घरच्या कपाटात ठेवतो. दोन प्रती ऐकून पाहिल्याशिवाय कार्ड पुसत नाही.

ते गाणे पुन्हा मुद्रित करण्यासाठी त्या गावी गेलो, तेव्हा शाहिरांची तेरवी होऊन गेली होती. सुनेने पाणी दिले आणि विचारले, "सर, बाबांचा गाणा तुमच्यापाशी आहे ना जी?"

"शोधतो," असे आम्ही म्हणालो. शोधण्यासारखे काही उरले नव्हते, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते.