भोकांचा हिशेब

आमच्या घरात भोक पडलेल्या वस्तूंची वाण कधीच नव्हती. बनियन, छत्री, पाण्याची बादली आणि महिन्याच्या वीस तारखेनंतर वडिलांचा खिसा. पण भोकं पाडण्याबद्दल रीतसर पगार मिळायचा तो फक्त माझ्या आत्याला.

आत्या 1966 साली मुंबईतल्या एका मोठ्या कचेरीत पंच ऑपरेटर म्हणून लागली. गेल्या दिवाळीत माळा आवरताना तिच्या लोणच्यांच्या वहीत एक पिवळट कार्ड सापडलं. पोस्टकार्डाहून लांब, एक कोपरा छाटलेला, अंगभर बारीक चौकोनी भोकं. माझ्या मुलाला वाटलं, उंदरानं कुरतडलंय. पण उंदीर इतका हिशेबी नसतो. मी बी.कॉम. असल्यामुळे ज्याचा मेळ बसत नाही त्याच्या मागे लागायची मला खोड आहे, म्हणून मी त्या भोकांचा कुळाचार शोधायला बसलो.

मूळपुरुष निघाले हर्मन हॉलरिथ. अमेरिकेच्या 1880 च्या जनगणनेचा हिशेब हातानं करता करता सात-आठ वर्षं गेली. म्हणजे पुढची जनगणना दारात उभी, आणि मागचीच बेरीज अजून चालू! आमच्या बँकेतही असे लोक आहेत, पण त्यांना कोणी शोध लावायला उद्युक्त केलं नाही. हॉलरिथना कल्पना सुचली म्हणे रेल्वेच्या तिकिटावरून. तिकडचा कंडक्टर तिकिटाला अशी भोकं पाडायचा, की त्यावरून उतारूचं वर्णन कळावं. केस फिके, डोळे काळे, नाक मोठं. दुसऱ्याच्या तिकिटावर कोणी प्रवास करू नये, हा हेतू. हॉलरिथ म्हणाले, असंच एकेक कार्ड अख्ख्या देशातल्या प्रत्येक माणसाचं का करू नये?

कार्ड यंत्रात ठेवायचं आणि दांडा खाली ओढायचा. सुया खाली येत. जिथे भोक असेल तिथली सुई आरपार जाऊन खालच्या पाऱ्याच्या वाटीत बुडे, वीज वाहे, तबकडीचा काटा एक घर सरके आणि घंटा वाजे. 1890 च्या जनगणनेत या घंटा वाजून वाजून 6 कोटी 26 लाख 22 हजार 250 माणसं मोजून झाली. आकडा ऐकून लोक खट्टू झाले. आपण याहून बरेच जास्त आहोत अशी त्यांची समजूत होती. बोल अर्थातच यंत्राला लागला.

पण माझं मन जडलं ते निराळ्याच तपशिलावर. तिथले काही कारकून म्हणे ड्रॉपरनं वाटीतला पारा हळूच काढून पिकदाणीत सोडत. यंत्र बंद! दुरुस्तीवाला येईपर्यंत आराम. हे वाचलं आणि शतकापलीकडच्या त्या अनोळखी बंधूंना मी टेबलावरूनच नमस्कार केला. "आज सर्व्हर डाऊन आहे" हे आमचं वाक्य किती पुरातन घराण्यातलं आहे!

पुढे हॉलरिथच्या कंपनीचा इतर कंपन्यांशी संसार होऊन 1924 साली तिचं नाव आयबीएम झालं, आणि 1928 साली तिनं ऐंशी उभ्या रांगांचं कार्ड काढलं. आत्याचं कार्ड त्याच जातीचं. अंकाला एक भोक, इंग्रजी अक्षराला दोन. ऐंशी खुणांत माणूस संपला.

या कार्डांना घडी घालायची नाही, टाचणी टोचायची नाही, डाग पाडायचा नाही. आमच्या घरात एवढी काळजी फक्त जावयांची घेत.

वडील आत्याहून तीन वर्षांनी धाकटे. त्यांचं कॉमर्स कॉलेज आत्याच्या पगारावर झालं. पदवी मिळाली, बँकेत चिकटले आणि पहिल्याच वर्षी युनियनच्या मोर्चात यंत्रांविरुद्ध घोषणा देऊ लागले. यंत्र आलं की कारकून मेला, हे त्यांचं ठाम मत. ते रात्री पानावर बसून हे ऐकवत, तेव्हा आत्या वाढता वाढता म्हणे, "बाळ्या, ही आमटी यंत्राचीच आहे. निवायच्या आत जेव." पुढे 1983 साली बँकांचा आणि युनियनांचा यंत्रांबाबत करार झाला. वडिलांनी घोषणा थांबवल्या. आमटी त्यांनी मुळात कधीच थांबवली नव्हती.

आता वडील नाहीत. आत्या ऐंशीच्या घरात आहे. मी कार्ड तिच्यापुढे धरलं. तिनं चष्मा पुसला, कार्ड खिडकीच्या उजेडाकडे नेलं आणि भोकांवरून बोट फिरवत एकेक अक्षर वाचू लागली. वरती काही छापलेलं नव्हतं. वाचून झालं ते माझ्या वडिलांचं नाव.

"शिकाऊ असताना पहिल्या आठवड्यातलं," ती म्हणाली. "घरातल्या कोणाचंही नाव नि जन्मतारीख पंच करा म्हणाले."

"मग हे ठेवलंस कशाला?"

तिनं कार्डाच्या वरच्या कडेची एक लहानशी खाच दाखवली. आपण पंच केलेलं दुसरी मुलगी दुसऱ्या यंत्रावर पुन्हा तेच टाइप करून तपासायची. जुळलं नाही तर यंत्र त्याच रांगेच्या डोक्यावर खाच पाडायचं. लपवायची सोय नाही.

"चारच्या जागी तीन दाबलं मी. अठ्ठेचाळीसचा अडतीस झाला. तुझा बाप दहा वर्षांनी मोठा झाला, माझ्याहूनसुद्धा मोठा." ती हसली. "इंटर झाले होते मी तेव्हा. तो खरंच मोठा असता तर बी.ए. मी केलं असतं, आणि भोकं त्यानं पाडली असती."

मला काही बोलायला सुचेना. आत्यानं कार्ड पुन्हा लिंबाच्या लोणच्याच्या पानात ठेवलं, वही मिटली आणि हात पुढे केला.

"माझं पासबुक आण बघू. या तिमाहीचं व्याज तुम्ही लोकांनी कमी लावलंय."