दोन मिनिटांचा प्रवास

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहांत वेस्ट्रे व पापा वेस्ट्रे अशीं दोन बेटें आहेत. त्यांच्या विमानतळांमधील अंतर सुमारें २.७ किलोमीटर, नियमित विमानप्रवासांत जगांत याहून लहान प्रवास नाहीं. विमानाला लागतात फार तर दोन मिनिटें. वारा अनुकूल असतां एकदां तें ५३ सेकंदांतच पोहोंचलें! १९६७ पासून शिक्षक, डॉक्टर, रुग्ण याच वाटेनें समुद्र ओलांडीत आले आहेत.

एवढ्याशा अंतराला विमान, याचें मला प्रथम हसूं आलें. मग सहज खिडकीबाहेर नजर गेली. गल्लीपलीकडे धाकट्या भावाचें घर. वाटणीवरून अबोला धरल्याला अकरा वर्षें झालीं. मध्यें समुद्र नाहीं, वारा नाहीं. जायला मिनिटही नको.

लेखणी येथेंच ठेवतों. चपला दाराशींच आहेत.